मोडी, शिकस्ता आणि घरातले वळण

आमच्या धाडच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक पेटी होती. लहानपणी तिला हात लावायची आम्हाला मनाई होती. पेटीत काही घबाड नव्हते, नुसते कागद होते. काही दादांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या हातचे, काही त्यांच्या आधीच्या पिढीचे. दर पावसाळ्याआधी अब्बा पेटी खाली काढत, रुमाल सोडून कागद अंगणात उन्हाला पसरत, कडुनिंबाचा पाला घालत आणि पुन्हा बांधून ठेवत. वाचत मात्र नसत. त्यांना ते वाचता येत नव्हते.

रुमाल दोन होते. एकात मोडीतले कागद होते, दुसऱ्यात उर्दूतले. अब्बा स्वातंत्र्यानंतर मराठी शाळेत शिकले. वर्तमानपत्र रोज वाचायचे. मशिदीतल्या मक्तबात त्यांनी छापील उर्दूही शिकून घेतली होती. पण दादांच्या हातची उर्दू त्यांना लागत नसे. "बापाचं अक्षर हाय, पण माझ्यासाठी मुंग्यायची रांग," असे ते हसून म्हणत. त्या हसण्यात थोडी लाज असायची, हे मला फार उशिरा कळले.

ज्या माणसाने ही दोन्ही अक्षरे लिहिली, तो काही पंडित नव्हता. थोडी शेती आणि थोडा बाजारहाट सांभाळणारा तो एक गावकरी होता. दोन्ही लिप्यांचे भराभर लिहायचे वळण त्याने कुठल्या मोठ्या शाळेत उचलले नाही, ते घरात उचलले. आणि ज्या घराने त्याला ते दिले, त्याच घराने ते पुढच्या पिढीला दिले नाही. याचा हिशेब मांडावा, एवढ्यासाठीच हा लेख.

दोन 'मोडलेल्या' लिप्या

मराठीत 'वळण' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. अक्षराला वळण असते आणि मुलालाही वळण असते. दोन्ही वळणे घरात लागतात, अशी आपली जुनी समजूत. आज इंग्रजी शाळेतली मुले 'कर्सिव्ह' गिरवतात, तेव्हा ही वळणदार, जोडून लिहिण्याची पद्धत साहेबाने आणली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आपल्याकडे अशा एक नव्हे, दोन पद्धती शतकानुशतके चालू होत्या.

पहिली मोडी. परंपरेने तिचे श्रेय देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत याला दिले जाते. तो तेराव्या शतकातला. ते श्रेय खरे असो वा नसो, लिपीची घडण मात्र कचेरीतल्या गरजेतून झालेली आहे हे उघड दिसते. बाळबोधीत प्रत्येक अक्षर सुटे काढायचे आणि मग डोक्यावर रेघ द्यायची. मोडीत उलट. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरे टांगत जायचे. बोरू शक्यतो उचलायचा नाही. काना वरून खाली येत नाही, खालून वळसा घेऊन वर रेघेला जाऊन भिडतो, म्हणजे हात पुढच्या अक्षराला आपोआप तयार. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द तोडून लिहिण्याचा कटाक्ष नाही. सगळी योजना वेगासाठी.

दुसरी शिकस्ता. उर्दू ज्या देखण्या, उतरत्या वळणात लिहिली जाते ते नस्तालीक. ते चौदाव्या शतकाच्या अखेरीस इराणात घडले. मीर अली तबरेझी याचे नाव त्याच्याशी जोडले जाते. नस्तालीक सुंदर, पण सावकाश. कचेरीत मुनशीला तेवढी सवड कुठली? म्हणून सतराव्या शतकात इराणात शिकस्ता हे वेगाचे वळण आकाराला आले आणि हिंदुस्थानातही ते दस्तऐवजांसाठी रूढ झाले. नस्तालीकात जी अक्षरे एकमेकांना जोडायची नसतात, तीही शिकस्तात जोडली जातात. नुक्ते गाळले जातात. ओळीचा शेवट वर चढत जातो.

फारसीत 'शिकस्ता' म्हणजे मोडलेले. मराठीत 'मोडी' म्हणजेही मोडलेले. दोन्ही लिप्यांची नावे एकमेकींची भाषांतरे असावीत अशी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना हे साम्य जाणवले होते आणि मोडीची कल्पना फारसी लेखनावरून सुचली असावी असे त्यांनी मांडले. काळाचा मेळ घातला तर मात्र अडचण येते. शिकस्ता सतराव्या शतकातली आणि मोडीची परंपरा तिच्या आधीची. मला वाटते, यातली एक दुसरीची मुलगी नसावी. एकाच गरजेपोटी दोन घरांत जन्मलेल्या या बहिणी. जिथे राज्य कागदावर चालते तिथे लिहिणाऱ्याचा हात धावू लागतो आणि धावणारा हात अक्षर मोडतो.

पण या दोन बहिणींचे येणेजाणे मात्र भरपूर होते. मराठी लेखनाच्या साहित्याकडेच पाहा. कागद, कलम, दौत, शाई, दप्तर, मसुदा, नक्कल, मजकूर, शेरा, तारीख, तपशील हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. चिटणीस, फडणीस, पारसनीस ही आडनावे 'नवीस', म्हणजे लिहिणारा, या शब्दावरून बनली. पारसनीस तर मुळात फारसीनवीस. मूल जे समोर ठेवून गिरवते तो 'कित्ता' देखील अरबी 'कितआ', म्हणजे सुलेखनाचा नमुना, याच्यापासून आला. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात महसुलाचे हिशेब फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले, अशी नोंद फेरिश्त्याने केली आहे. दक्षिणेतल्या सुलतानांची वरती फारसी आणि खाली मोडी मराठी अशी दुभाषी फर्माने आजही उपलब्ध आहेत. उलट शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. तसा कोश करावा लागला, यावरूनच ते शब्द मराठी कागदात किती खोल रुजले होते ते कळते.

वऱ्हाडची सीमा आणि दोन रुमाल

आमच्या पेटीत दोन रुमाल का होते, याचे उत्तर धाडच्या नकाशात आहे. धाड हे बुलढाणा तालुक्याच्या सीमेवरचे गाव. पलीकडे भोकरदन तालुका लागतो. आज हा दोन जिल्ह्यांचा साधा शिवधडा आहे. शंभर वर्षांपूर्वी तो दोन राज्यकारभारांचा शिवधडा होता.

१७२४ साली आपल्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्डा येथे लढाई झाली. निजामुल्मुल्काने मुघल सुभेदार मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनवर आपला अंमल बसवला. वऱ्हाडही त्यात आले, जरी महसुलात पुढे नागपूरच्या भोसल्यांचा वाटा राहिला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १९०३ साली ते मध्यप्रांताला जोडले गेले. नावापुरती मालकी निजामाची राहिली, इतकी की १९३६ साली त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. कारभार मात्र इंग्रजांचा. भोकरदन, जाफराबाद हा मुलूख १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता.

याचा अर्थ असा की शिवेच्या अलीकडे कलदार रुपया आणि पलीकडे हाली सिक्का. अलीकडे इसवी सन, पलीकडे फसली सन. अलीकडच्या कचेरीत मराठी आणि मोडी. पलीकडे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कचेरीत उर्दू, कारण हैदराबाद राज्याने १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा केली होती. पुढे १९१८ साली तिथे उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. गावपातळीवर पलीकडेही मोडी चालत होतीच, पण वरचा हुकूम यायचा तो उर्दूत.

लग्नसंबंधांनी मात्र ही शीव कधी मानली नाही. धाडची मुलगी भोकरदनकडे दिली जायची, तिकडची इकडे यायची. कुणाचा मळा पलीकडे, कुणाची उधारी अलीकडे. ज्या घराचे व्यवहार दोन्हीकडे, त्या घरात दोन्ही लिप्या वाचणारा एक तरी माणूस लागायचाच. तो मुसलमानच असे असेही नाही. पलीकडचे कित्येक कुळकर्णी-पटवारी उर्दू सफाईने लिहीत आणि अलीकडचे कित्येक मुसलमान मोडी. लिपीला धर्म चिकटला तो पुढे. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला, तेव्हा मराठी कुणाची हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

आमचा मोडीचा रुमाल म्हणजे या बाजूच्या जमिनीची खरेदीखते आणि सावकाराच्या पावत्या. उर्दूचा रुमाल म्हणजे पलीकडच्या मळ्याचे कागद, दोन निकाहनामे आणि दादांच्या हातच्या काही यादी. त्यावर फसली सन. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. रकमा आकड्यात लिहिलेल्या नाहीत. अरबी संख्यावाचक शब्द मोडून केलेली 'सियाक'ची चिन्हे आहेत. म्हणजे लिपी मोडलेली, आकडाही मोडलेला. शिकवणारे कुणी नसेल तर हा कागद कायमचा मुका.

पाटी, तख्ती आणि दादीची जात्यापलीकडची जागा

मग हे शिकवत कोण? वऱ्हाडात इंग्रजी अंमलात मराठी शाळांबरोबर हिंदुस्थानी, म्हणजे उर्दू शाळाही होत्या. पण शाळेत मूल यायचे ते मुळाक्षरांसाठी. हाताला वेग आणि वळण यायचे ते घरी, बापाच्या किंवा चुलत्याच्या शेजारी बसून, खऱ्या कागदाची नक्कल करत. लिखाणाचे काम अनेक घरांत पिढीजात असायचे. कुळकर्ण्याचा मुलगा कुळकर्ण्याजवळ, काझीचा काझीजवळ, सावकाराचा दिवाणजीजवळ.

पद्धत दोन्हीकडे जवळपास सारखी होती. मराठी मुलासाठी आधी धूळपाटी. पाटावर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचे. चुकले की तळहाताने पुसायचे. त्यावरून 'धुळाक्षर' हा शब्द आला. उर्दूसाठी तख्ती. लाकडी फळीला मुलतानी मातीचा पातळ लेप द्यायचा, उन्हात वाळवायची, मग बोरूने लिहायचे. भरली की धुवायची आणि पुन्हा लेप. शाई काजळी आणि डिंकाची. घरोघर दिव्याची काजळी धरली जायची. बोरू चाकूने तासायचा आणि टोकाला तिरपा काप द्यायचा. फारसी कलमाचा आणि देवनागरी बोरूचा काप एकसारखा नसतो. दादा म्हणे दोन बोरू दोन वेगळ्या दोऱ्यांनी बांधून ठेवत.

नस्तालीक शिकवताना मापाला फूटपट्टी नसते. कलमाच्या टोकाने काढलेला चौकोनी नुक्ता हेच माप. अलिफ एवढ्या नुक्त्यांचा, बे एवढ्या नुक्त्यांचा. आधी सुटी अक्षरे, त्यांना मुफरदात म्हणतात. ती पक्की झाली की जोडाक्षरे, म्हणजे मुरक्कबात. या सरावाला 'मश्क' म्हणत. मश्क झाल्याशिवाय शिकस्ता शिकवत नसत, कारण जे आधी नीट बांधता येते तेच नीट मोडता येते. मोडीचेही तसेच. बाळबोध बसल्याशिवाय मोडी नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. ओळी सरळ असाव्यात, समास सोडावा, शाई-कागद-बोरू निवडून घ्यावेत, असा अगदी कारागिराचा उपदेश त्यात आहे. तरुणपणी फार बारीक लिहिले तर म्हातारपणी आपलेच अक्षर आपल्याला वाचता येत नाही, हा इशाराही आहे. धर्मग्रंथात हस्ताक्षरावर एक पूर्ण समास असावा, हे मला नेहमी मोलाचे वाटते. खुशखत माणूस म्हणजे सभ्य माणूस, अशीच धारणा आपल्या मक्तबांतही होती.

आमच्या घरी हे शिकवणे ओसरीवर चालायचे. ओसरी पुरुषांची. दादी आत, जात्यापलीकडे. फुफीही तिथेच. ती रोज फजरनंतर कुराण वाचायची, खाली बसून, ओढणी डोक्यावर घेऊन, एकही अक्षर न चुकता. पण तिच्या हातात बोरू कधी आला नाही.

वाचायला परवानगी, लिहायला नाही

हे केवळ आमच्या घराचे नव्हते. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातल्या आणि दख्खनच्या अनेक 'शरीफ' घरांत मुलीला कुराण वाचायला शिकवत, लिहायला शिकवत नसत. लिहू लागली तर परक्याला पत्र लिहील, ही भीती. वाचन म्हणजे ऐकून घेणे, लेखन म्हणजे बोलणे. घराला पहिले चालत होते, दुसरे नाही.

या भिंतीला पाडलेले एक भगदाड मला फार प्रिय आहे. बिजनौर जिल्ह्यातली अशरफुन्निसा बेगम, लोक तिला बीबी अशरफ म्हणत. जन्म १८४० चा. घरात लिहायला मनाई. दुपारी सगळे झोपले की ती तव्याची काजळी खरवडून घ्यायची, घड्यावरचे झाकण दौत म्हणून वापरायची आणि खराट्याच्या काडीची कलम करून पुस्तकातली अक्षरे उतरवायची. सुरुवातीला आपण जे उतरवले ते तिला वाचताही येत नव्हते. पुढे हीच बाई लाहोरच्या व्हिक्टोरिया गर्ल्स स्कूलमध्ये शिक्षिका झाली. आपण लिहायला कसे शिकलो हे तिने स्वतःच लिहून ठेवले.

काही पुरुषांनीही आतून दार उघडले. डेप्युटी नझीर अहमद यांनी १८६९ साली 'मिरातुल उरूस' लिहिले. मुळात आपल्या मुलींना घरी वाचायला काही हवे म्हणून ते लिहिले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'मध्ये, स्त्रियांसाठीच्या धार्मिक पुस्तकात, पहिल्याच भागात मुळाक्षरे आणि पत्र कसे लिहावे हे आले. वडिलांना कसे लिहावे, भावाला कसे लिहावे, हे एका आलिमाने बाईला शिकवले ही लहान गोष्ट नव्हे.

आणि हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नव्हता. १८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांच्याशी लग्न होऊन अकरा वर्षांची रमाबाई पुण्याच्या घरात आली, तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने घरातच पाटीवर शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या बायकांनी तिला त्यापायी किती छळले, ते त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे. सावित्रीबाई फुले यांच्या १८५६ च्या पत्रात फातिमा या सहकारिणीचा उल्लेख येतो. पुण्यातल्या त्या शाळेचे मोल यासाठीच अधिक, की घर जे देत नव्हते ते तिथे मिळू लागले.

म्हणून घरातल्या वळणाचे गोडवे गाताना मला थांबावे लागते. घराने अक्षर दिले हे खरे. पण कुणाला द्यायचे हेही घरच ठरवत होते. मोडी काही जातींच्या ओसरीवर, शिकस्ता काही खानदानांच्या दिवाणखान्यात. शेत राबणाऱ्या कुळाला ती वाचता येत नसे. सावकाराच्या मोडी खतावर अंगठा उठवणाऱ्याला आपण काय कबूल केले हे कळत नसे, आणि महात्मा फुल्यांनी शेतकऱ्यांच्या दैन्याची चर्चा करताना अविद्येला मुळाशी धरले ते यामुळेच. मोडलेली लिपी लिहिणाऱ्याला सोयीची असते, वाचणाऱ्याला नव्हे.

हात थांबला

या दोन्ही लिप्या गेल्या कशा? एका दिवसात नाही. विल्यम कॅरेने १८१० साली सेरामपूरला मराठी कोश छापला तो मोडी खिळ्यांत. म्हणजे मोडी छापता येत होती. पण छापखान्याला धावत्या हाताची गरज नसते. सुटे, ठसठशीत बाळबोध अक्षर त्याला सोयीचे. पुस्तके बाळबोधीत आली आणि मोडी कचेरीपुरती, हिशेबापुरती, पत्रापुरती उरली. पुढे टंकलेखन यंत्र आले, फाउंटन पेन आले, बोरू गेला. १९५० नंतरच्या काळात मोडी शाळेतून आणि सरकारी कामातून निघून गेली.

शिवेपलीकडे हैदराबाद राज्य १९४८ साली भारतात विलीन झाले. उर्दू कारभारातून गेली. १९५६ साली मराठवाडा आणि वऱ्हाड दोन्ही मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात. एका भाषेचे राज्य झाले हे आपल्या सर्वांच्या भल्याचे होते, यात मला शंका नाही. पण शीव पुसली गेली तेव्हा दोन्ही बाजूंच्या जुन्या कागदांची किल्लीही हरवली, आणि ती कुणी शोधली नाही.

उर्दू हाताने लिहिणारे कातिब त्यानंतरही तग धरून होते, कारण नस्तालीकला खिळे मानवत नव्हते. वर्तमानपत्रेही हाताने लिहून छापली जात. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या हातच्या अक्षरांवरून 'नूरी नस्तालीक' ही संगणकी लिपी आली. १९९० च्या दशकात 'इनपेज' आले आणि कातिबांच्या बैठकी उठल्या. मोडी संगणकात आली ती २०१४ साली, युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत. लिपी यंत्रात सुखरूप पोहोचली. पण जुना हस्तलिखित कागद वाचायला लागते ती नजर, आणि ती हाताने लिहिल्याशिवाय येत नाही.

याची जाणीव महाराष्ट्राला २०२३ साली मोठ्या प्रमाणावर झाली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकालीन आणि त्याआधीचे कागद कचेऱ्यांच्या कपाटांतून बाहेर आले, आणि पाहतात तो काय, ते मोडीत आणि उर्दूत. जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या लिप्या मुलांना शिकवून काय उपयोग असे आपण साठ-सत्तर वर्षे म्हणत होतो, त्यांच्यावर लाखो माणसांचे हक्क अवलंबून होते. अमेरिकेचीही तीच गत. तिथल्या २०१० च्या समान अभ्यासक्रमात कर्सिव्हला जागा नव्हती. २०२५ साली तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराला जुनी कागदपत्रे उतरवण्यासाठी कर्सिव्ह वाचणारे स्वयंसेवक हवे होते. कॅलिफोर्निया राज्याने तर २०२३ साली कायदा करून कर्सिव्ह पुन्हा प्राथमिक शाळेत आणले.

यादीतली शेवटची ओळ

आमच्या उर्दू रुमालातली दादांची यादी मी १९९८ साली एका वृद्ध, निवृत्त शिक्षकांकडून वाचवून घेतली. ते पलीकडचे होते आणि लहानपणी आपल्या चुलत्याजवळ शिकस्ता शिकले होते. भिंग लावून ते एक एक ओळ वाचत गेले. बैल, बियाणे, उसने, फेडलेले. फसली १३५५, म्हणजे १९४५-४६. शेवटी ते थांबले, पुन्हा वाचले आणि म्हणाले, "बेटा, यह तो तुम्हारी फूफी का हक है." विहिरीच्या पाण्याची आठवड्यातली दोन दिवसांची पाळी आणि बांधालगतचा तुकडा लेकीचा, असे दादांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते.

फुफी १९८७ साली वारली. मळा सगळा आमच्याकडे राहिला होता. अब्बांनी बेइमानी केली नव्हती. त्यांना ठाऊकच नव्हते. दरवर्षी तो कागद ते स्वतःच्या हाताने उन्हाला पसरत आणि स्वतःच्या हाताने बांधून ठेवत होते. फुफीसुद्धा तेव्हा माहेरी आलेली असे. पाऊस यायच्या आत कागद उचलायला मदत करी. तिच्या हातात तो कागद कितीदा आला असेल! तिला कुराणातले प्रत्येक अक्षर लागत होते, बापाच्या हातचे एक अक्षर लागत नव्हते. १९३७ च्या शरियत कायद्यानेही शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली होती. कायद्याने जे दिले नाही ते एका बापाने लिहून दिले, आणि ज्या घराने तिला अक्षर दिले नाही त्या घरात ते अडकून पडले.

तुकडा आम्ही तिच्या मुलांच्या नावे करून दिला. अब्बांनी त्या दिवशी जेवण केले नाही.

आज धाडमध्येही इंग्रजी शाळेतली मुले चार रेघांच्या वहीत कर्सिव्ह गिरवतात आणि आया संध्याकाळी शेजारी बसून ते तपासतात. कधीकाळी ज्यांच्या हाती बोरू दिला जात नव्हता, त्यांच्याच नाती-पणती आता घराघरांत मुलांच्या अक्षराला वळण लावत आहेत. घरातल्या शिकवणीत झालेला एवढा मोठा बदल आपल्या इतिहासात दुसरा नसेल. या आयांना माझी एकच विनंती आहे. त्या चार रेघांच्या वहीचे शेवटचे पान राखून ठेवा. त्यावर आठवड्याला एक ओळ नस्तालीकची, एक ओळ मोडीची मुलांकडून गिरवून घ्या. पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग चालतात, मक्तबात उर्दू आहेच. तुम्हाला येत नसेल तर मुलांबरोबर तुम्हीही शिका. मुलगा आणि मुलगी यांत भेद करू नका.

माझी नात आता आठ वर्षांची आहे. तख्ती मिळाली नाही म्हणून मी तिला पाटी दिली. बोरू मात्र खरा आहे, दादांच्या पेटीतला. परवा तिने पहिल्यांदा बोरू न उचलता मोडीत आपले नाव लिहिले. काना खालून वर नेताना हात थरथरला आणि शेवट रेघेला भिडला नाही. तिने तळहाताने पुसले आणि पुन्हा लिहायला घेतले.